तुळस-बेसिलचा हवा तो वास पुढच्या पिढीत गायब होतो? आधी हे तपासून बघा

तक्रार जवळजवळ सगळ्यांची सारखीच असते. बेसिलचं किंवा तुळशीचं एखादं झाड सापडतं, पान चोळलं की लिंबाचा नाहीतर लवंगेचा असा काही वास येतो की बस, हेच झाड पाहिजे असं वाटतं. मग त्याचं बी धरलं जातं, किंवा दुसऱ्या चांगल्या झाडाशी क्रॉस केला जातो, आणि पुढची रोपं वर आली की काहींना नुसताच हिरवट वास, काहींना बडीशेपेसारखा, एखाद्याला निलगिरीसारखा, आणि जो हवा होता तोच नेमका नाही. परत बी धरलं, परत तेच. मग "हा वास बियातून येतच नाही" असं म्हणून लोक सोडून देतात, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं कारण बऱ्याचदा तो वास त्याच बियांच्या पुडीत असतो, फक्त शोधायची पद्धत चुकलेली असते.

वास बदलायची कारणं मुळात तीन. एक, झाडाची अवस्था आणि हवामान बदललं, जीन्स तेच आहेत. दोन, मधमाशीने कुठला तरी परका पराग आणला. तीन, खरोखरच जीन्सची वाटणी झाली आणि हवी ती जोडी तुटली. तिन्हीचे उपाय अगदी वेगळे आहेत, पण नाकाला तिन्ही सारखेच लागतात, म्हणून आधी कारण ठरवायचं आणि मगच पुढचं बी पेरायचं.

मूळ झाडाची कटिंग ठेवली आहे का?

नसेल तर बाकी काही तपासता येत नाही, हे सरळ सांगतो. कटिंग म्हणजे त्याच झाडाची जशीच्या तशी नक्कल, जीन्समध्ये काही फरक नाही. फूल न आलेल्या फांदीचा शेंड्याकडचा आठ-दहा सेंटीमीटरचा तुकडा पेराच्या जरा खाली कापायचा, खालची पानं काढायची, पाण्यात किंवा ओलसर कोकोपीटमध्ये ठेवायचा, बेसिलला आठवडा-दोन आठवड्यांत मुळं येतात. बेसिल मंजिरी धरून बी पिकवून झालं की म्हातारं होतं आणि मरतं, त्यामुळे शेंडे खुडत राहायचं आणि जुनी कटिंग थकायच्या आत तिच्यावरून नवी लावायची, असं करत मूळ झाड कितीही वर्षं हाताशी ठेवता येतं.

मग नवीन रोपं लावताना त्याच मातीत, त्याच उन्हात, रोपांच्या मधोमध ह्या कटिंगच्या दोन-तीन कुंड्या ठेवायच्या. आता बघा काय होतं ते. कटिंगचाही वास फिका पडला असेल तर दोष ऊन-खत-हवेचा आहे, बियाण्याला बोल लावायचं कारण नाही. कटिंगचा वास पहिल्यासारखाच आहे आणि शेजारची रोपं वेगळा वास देतायत, तर मग पराग किंवा जीन्स. एवढ्या एका गोष्टीने निम्मा गोंधळ मिटतो.

तुम्ही कुठलं पान हुंगताय?

पानाच्या पृष्ठभागावर बारीक ग्रंथी असतात, भिंगातून बघितलं तर चकचकीत ठिपके दिसतात. त्यातल्या मोठ्या ग्रंथींचं डोकं चार पेशींचं असतं आणि त्या पेशी तेल बनवून वरच्या पातळ पापुद्र्याखाली साठवतात. ह्या ग्रंथी पान लहान असतानाच बहुतेक तयार होतात, मग पान मोठं होत गेलं की त्या एकमेकींपासून लांब जातात, म्हणून कोवळ्या पानात वजनाच्या मानाने तेल जास्त आणि जुन्या पानात कमी. एका रोपाचं शेंड्याचं पान आणि दुसऱ्याचं खालचं जून पान हुंगून "हे भारी, ते टुकार" ठरवलं तर ती निवड नाहीच, तो नुसता लॉटरी लावल्यासारखा प्रकार होतो.

आणि नुसतं प्रमाण नाही, घटकही बदलतात. जेनोव्हेसे ह्या इटालियन प्रकारच्या बेसिलमध्ये रोप साधारण 10 सेंमीपेक्षा लहान असताना मिथाइल युजेनॉल वरचढ असतं आणि उंच झाल्यावर युजेनॉल, म्हणजे लवंगेच्या वासाचं द्रव्य, वरचढ होतं, हे अभ्यासातून दिसलेलं आहे. म्हणजे ट्रेमध्येच दोन जोड्या पानांवर वास बघून जी रोपं उपटून टाकली त्यात तुमचं हवं ते रोप गेलेलं असू शकतं. माझा नियम असा, रोपाला पाच-सहा जोड्या झाल्याशिवाय वासावरून एकही रोप काढायचं नाही. काढायचंच असेल तर मरतुकडी आणि रोगट काढा.

प्रत्येक रोपाचं शेंड्याकडून पूर्ण उघडलेल्या दुसऱ्या जोडीतलंच पान घ्या, सकाळी दव वाळल्यावर आणि ऊन तापायच्या आधी, सगळ्यांचं एकाच दिवशी, आणि कळ्या दिसायच्या आधी, कारण मंजिरी आल्यावर तेलाची घडण परत हलते. सावलीतली रोपं आणि उन्हातली रोपं एकमेकांशी तुलना करू नका. खिडकीच्या काचेआड वाढवलेल्या रोपांबद्दल तर खास सांगायला हवं, साधी काच उन्हातली यूव्ही-बी (अतिनील) किरणं अडवते आणि बेसिलच्या ग्रंथी नीट भरायला त्या किरणांचा हातभार लागतो, त्यामुळे काचेआडचं रोप फिकं निघालं तर त्याला आधी उघड्या उन्हात थोडे दिवस द्या आणि मग ठरवा. युरियासारखं नत्र जास्त झालं की पानं मोठी, लुसलुशीत आणि वासाला पाणचट होतात, हेही नेहमीचंच.

आता हुंगण्याबद्दल जरा सविस्तर, कारण इथे लोक फार घाई करतात. पान दोन बोटांत हलकं चोळायचं, ग्रंथी फुटतात आणि पहिला झोत येतो तो हलक्या, लवकर उडणाऱ्या द्रव्यांचा, लिनालूलचा फुलासारखा, सिनिओलचा निलगिरीसारखा, सिट्रलचा लिंबासारखा. तेच पान बाजूला ठेवून दहा मिनिटांनी परत हुंगा, आता हलकं बरंचसं उडालेलं असतं आणि जड मागे राहतं, लवंगेसारखं युजेनॉल तेव्हा नीट कळतं. लिनालूल 198 अंशाला उकळतं आणि युजेनॉल 254 च्या आसपास, त्यामुळे हा फरक पडणारच. दोन्ही वेळचं वेगवेगळं लिहायचं. कित्येक रोपं पहिल्या झोतात लिंबू वाटतात आणि दहा मिनिटांनी त्यात काहीच उरत नाही, आणि काही रोपं सुरुवातीला गप्प असतात पण मागून अशी सुंदर लवंग देतात की बघत राहावं.

नाक पण थकतं. चार-पाच पानांनंतर सगळं सारखंच वाटायला लागतं, तेव्हा थांबायचं, मोकळ्या हवेत जाऊन यायचं, बोटं बिनवासाच्या साबणाने धुवायची. त्याहून चांगलं म्हणजे पान फाडून झाकणाच्या छोट्या काचेच्या बरणीत टाका आणि बरणीवर नुसता आकडा लिहा, रोपाचं नाव नको, कारण आपलं लाडकं रोप कुठलं ते माहीत असलं की नाक त्याच्याच बाजूने बोलतं. दोन रोपांत खरंच फरक आहे का अशी शंका असेल तर तीन बरण्या करा, दोनमध्ये एकाचं पान, तिसरीत दुसऱ्याचं, आणि दुसऱ्या कुणाला तरी वेगळी कुठली ते ओळखायला सांगा. नुसत्या अंदाजानेही तीनात एकदा बरोबर येतं, म्हणून एकदा जमलं त्यावर जाऊ नका, बरण्यांची जागा बदलून बऱ्याच वेळा करून बघा.

मधमाशी मधे आली का?

बेसिल स्वतःच्या परागाने बी धरू शकतं, म्हणून पुष्कळांना वाटतं की आपलं आपण सेल्फ होतंय. पण फुलात मध भरपूर, मधमाश्या दिवसभर मंजिऱ्यांवर, आणि जवळपास दुसरं बेसिल असेल तर क्रॉस होतोच. साधं बेसिल, सब्जा, बडीशेपेच्या वासाचं, जांभळं, ही सगळी एकाच जातीची भावंडं आहेत आणि एकमेकांत सहज मिसळतात.

ओळखायची सोपी खूण म्हणजे रंग. जांभळा रंग हिरव्यावर बऱ्यापैकी वरचढ असतो, त्यामुळे आई शुद्ध हिरवी आणि पोरांत काहींच्या देठाला-पानाला जांभळी झाक, तर बाप बाहेरचा आहे. हीच खूण उलटी पण वापरता येते, हिरव्या आईवर मुद्दाम जांभळा बाप वापरा, जी रोपं हिरवीच आली ती सेल्फची, जांभळट आली ती तुमच्या क्रॉसची, लॅबशिवाय निकाल. दोन्ही जनक हिरवे असतील तर पानाचा आकार, काठाचे दाते, देठावरची लव ह्यातलं काही तरी वेगळं असलेला बाप निवडा.

सेल्फ बी हवं असेल तर पहिली कळी उमलायच्या आधी मंजिरीला पातळ ऑर्गन्झाची पिशवी बांधा, एखादं फूल आधीच उघडलं असेल तर ते खुडून टाका. पिशवीत माशी नाही म्हणून बी कमी धरतं, त्यासाठी रोज सकाळी पिशवीसकट मंजिरी हलकेच हलवायची. पिशवी पावसाने भिजून मंजिरीला चिकटली तर बुरशी येते, तेव्हा आत एक काडी उभी करून पिशवी जरा लांब राहील असं बांधा.

क्रॉस करायचा असेल तर दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी आदल्या संध्याकाळी धरा, फुगलेली, पाकळ्यांचा रंग दिसू लागलेली पण बंद. बारीक चिमट्याने पाकळ्यांची नळी पकडून अलगद पुढे ओढली की ती पूर्ण निघून येते, आणि पुंकेसर त्या नळीलाच चिकटलेले असल्यामुळे चारही सोबतच निघतात, मधे नुसता स्त्रीकेसर उरतो. हे फार सुरेख काम आहे, एकदा हात बसला की भराभर होतं. त्या मंजिरीवरची बाकीची कळ्या-फुलं काढून टाका नाहीतर नंतर कुठलं बी कशाचं ते कळणार नाही. पिशवी बांधा. सकाळी स्त्रीकेसराचं टोक दोन भागांत फाकलेलं दिसलं की बापाच्या ताज्या फुलाचे परागकोश त्यावर टेकवा, पिशवी परत बांधा, दोरा बांधून लेबल लावा. एका फुलात जास्तीत जास्त चारच बिया होतात, तेव्हा थोडी जास्त फुलं करा. फुलाखालची हिरवी वाटी तपकिरी झाली की बी काढा, उशीर केला तर गळून जातं. आणि बी साफ करायला पाणी वापरू नका, ओलं झालं की त्याभोवती लगेच जेलीचं आवरण फुगतं.

आता खरा जीन्सचा भाग

कटिंग ठीक आहे, पिशवी नीट होती, तरी वास गेला, तर मग वाटणी. इथे वास कसा बनतो ते थोडं माहीत असलं की पुढचा गोंधळ खूप कमी होतो.

लिनालूल आणि लिंबाच्या वासाचं सिट्रल दोन्ही एकाच पूर्वद्रव्यातून निघतात, एका एन्झाइमने (म्हणजे एका द्रव्याचं दुसरं करणाऱ्या प्रथिनाने) त्याचं लिनालूल होतं, दुसऱ्याने जेरॅनिऑल होतं आणि त्या जेरॅनिऑलचं पुढच्या टप्प्यात सिट्रल. म्हणजे एकाच टाकीला दोन नळ, एक जास्त सोडला की दुसऱ्याची धार कमी. युजेनॉल आणि बडीशेपेच्या वासाचं मिथाइल चॅव्हिकॉल मात्र ह्या कुळातली (टर्पीन) नाहीतच, ती फिनाइलअॅलॅनिन ह्या अमिनो आम्लापासून वेगळ्याच वाटेने येतात. म्हणून लिंबू आणि लवंग एका झाडात एकत्र आणणं माझ्या मते जास्त आशेचं काम आहे, आणि भरपूर लिंबू अधिक भरपूर लिनालूल हे चिवट काम. आपलं उद्दिष्ट ठरवताना हे बघूनच ठरवा, नुसतं "दोन्हीचं मिश्रण पाहिजे" म्हणून क्रॉस करू नका.

दुसरं असं की एखादं एन्झाइम चालू असणं हे साधारणपणे प्रबळ असतं आणि बंद असणं हे दबलेलं. युजेनॉलला पुढे नेऊन मिथाइल युजेनॉल करणारं एन्झाइम आहे, चॅव्हिकॉलचं मिथाइल चॅव्हिकॉल करणारंही आहे. आता तुम्हाला शुद्ध लवंग हवी, बडीशेप अजिबात नको, म्हणजे तुम्हाला काही तरी बंद असलेलं हवंय, आणि ते पहिल्या पिढीत दिसणारच नाही. पहिली पिढी सगळी बडीशेपेची आली म्हणून लोक क्रॉस फसला समजतात आणि झाडं उपटतात. ती उपटू नका! त्यांनाच पिशवी बांधून सेल्फ करा, वास दुसऱ्या पिढीत परत वर येतो.

पण किती रोपांत येतो? हाच सगळ्यात मोठा घोळ आहे. एका दबलेल्या जीनसाठी हिशेब चारात एक, आणि असं एक तरी रोप मिळेल याची 95 टक्के खात्री हवी तर 11 रोपं लागतात, 99 टक्के हवी तर 17. दोन दबलेले जीन्स एकत्र हवे असतील तर सोळात एक, तिथे 95 टक्क्यांसाठी 47 आणि 99 साठी 72 रोपं. लोक पाच-सहा रोपं लावून वास नाही म्हणतात, अहो मिळणार कुठून? त्यात गोड बेसिलमध्ये सहसा 48 गुणसूत्रं असतात, ते चौपट संचाचं झाड आहे, एकाच कामाच्या जादा प्रती असू शकतात, त्यामुळे पुस्तकी हिशेबाच्या दुप्पट रोपं धरूनच चला. जागा नसेल तर छोट्या कप्प्यांच्या ट्रेमध्ये दाट वाढवा, वास बघण्यापुरती वाढली की निवडा आणि निवडलेलीच मोठ्या कुंडीत न्या.

दुसऱ्या पिढीत मनासारखं रोप मिळालं की लगेच कटिंग काढा, आणि उरलेल्यावर सेल्फ बी धरा. प्रत्येक निवडलेल्या झाडाचं बी वेगळ्या पुडीत, एकत्र केलं की सगळी माहिती गेली. तिसऱ्या पिढीत प्रत्येक पुडीची वेगळी ओळ लावा, दहा-बारा रोपं तरी, आणि झाड न बघता ओळ बघा. ज्या ओळीत सगळी रोपं सारखा वास देतात ती ओळ तुमची, मग दुसऱ्या ओळीत एखादं रोप कितीही जबरदस्त असलं तरी मन घट्ट करून एकसारखी ओळच पुढे न्यायची. प्रत्येक सेल्फला जीन्सच्या मिश्र जोड्या (दोन प्रती वेगवेगळ्या असलेल्या) निम्म्या होतात, दुसऱ्या पिढीत 50 टक्के, तिसरीत 25, चौथीत 12.5, पाचवीत 6.25, सहावीत 3.125, म्हणून पाचवी-सहावी येईपर्यंत वास टिकला असं मी कुणाला सांगत नाही.

वेगळ्या जातींचे क्रॉस हा आणखी वेगळा विषय. कापूर तुळस आणि डार्क ओपल हे जांभळं बेसिल यांच्या मिश्रणातून आलेलं आफ्रिकन ब्लू बेसिल वासाला अप्रतिम, फुलं भरपूर, मधमाश्या वेड्या होतात, पण बी धरत नाही, ते जगभर कटिंगवरच चालतं. तुमचा असा क्रॉस बीच देत नसेल तर खतं बदलून काही होणार नाही, तो वांझ आहे, कटिंगवर ठेवा आणि आनंद घ्या. बी देणारं हवं असेल तर जवळच्या नात्यात क्रॉस करा. रटगर्स विद्यापीठाने 2018 मध्ये डाउनी मिल्ड्यू ह्या पानांच्या रोगाला दाद न देणारी गोड बेसिलची वाणं आणली, तिथेही रोगप्रतिकार आणताना मूळ वास आणि ठेवण सांभाळणं हीच खरी कसोटी होती.

लॅबमध्ये कधी जायचं

सुरुवातीला नाही. निवडता निवडता रोपं दोन-चारच उरली की मग जीसी-एमएस (तेलातले घटक वेगळे करून मोजणारी तपासणी) करून घ्या, आणि मूळ झाडाच्या कटिंगचा नमुना त्याच दिवशी, त्याच अवस्थेतला सोबत द्या, नाहीतर रिपोर्ट कशाशी ताडून बघणार? रिपोर्टमधले टक्के म्हणजे तेलातला वाटा, तेल किती ते वेगळं. युजेनॉल 70 टक्के आणि तेल नावापुरतं, असं झाड हाताला फिकंच लागणार, म्हणून तेलाचं एकूण प्रमाणही मागा. ताज्या पानाचा रिपोर्ट वाळलेल्याशी, किंवा पाण्याच्या वाफेवर काढलेल्या तेलाचा रिपोर्ट पानावरच्या हवेच्या नमुन्याशी लावू नका. वाळवायचंच असेल तर सावलीत, 40 अंशांच्या खाली.

मिथाइल युजेनॉलसाठी मात्र लॅब करा असंच म्हणेन. युजेनॉल आणि ते नाकाने खात्रीने वेगळं करता येत नाही, आणि 2023 मध्ये आयएआरसी ह्या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मिथाइल युजेनॉलला माणसात बहुधा कर्करोगकारक, म्हणजे 2ए गटात टाकलंय, तेव्हा पानं पोटात जाणार असतील तर ते कमी असलेली ओळच पुढे न्या.

आणि प्रत्येक पिढीचं थोडं बी बाजूला ठेवाच, पूर्ण वाळवून, हवाबंद डबीत, थंड आणि अंधाऱ्या जागी, डबीवर आई, बाप, पिढी आणि वर्ष. चौथ्या पिढीत येऊन कळतं की तिसरीत चुकीची ओळ धरली, आणि तेव्हा ती डबी असेल तर एकच पिढी मागे जावं लागतं, नसेल तर पहिल्या क्रॉसपासून.